शिवेवरची मिटणी

"शीव येऊ दे."

नानांचं हे उत्तर ठरलेलं. जेवायला कधी बसता विचारा, पोरीचं लग्न कधी करता विचारा, नाहीतर मोटारीत पुढे सरकायला सांगा. डावा तळवा समोरच्याच्या तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचं, "शीव येऊ दे." पुढचा माणूस मामलेदार असो की मोटारीचा ड्रायव्हर, तळवा तितक्याच जवळ यायचा.

त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी ते छापायला हवं होतं त्यांनी छापलं नाही, मग माझ्याकडून तरी लोकांना फुकट का मिळावं?

मी तेव्हा धुळे-पारोळा मोटारीवर कंडक्टर होतो. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच नानांचं गाव. लग्नसराईत ते फिडल घेऊन चढायचे. फिडलला जुन्या लुगड्याची गोधडी शिवलेली, आणि ते टपावर ठेवायचं नाव काढलं की आमचं भांडण. मी म्हणायचो, सामान टपावर. ते म्हणायचे, सामान तुझा ड्रायव्हर. शेवटी ते मांडीवरच राहायचं, आणि आमच्यात अबोला पारोळ्यापर्यंत टिकायचा.

तरुणपणी ते एका नाटक कंपनीत साथीला होते. कंपनी धुळ्यात मोडली, माणसं पांगली, आणि नाना फिडल घेऊन गावी आले. बाप सनईवर बोळवण वाजवायचा. ती त्यांनी फिडलवर चढवली. नाटकातली गाणी पार विसरले, म्हणायचे, ती परक्याची होती.

बोळवण म्हणजे नवरी सासरी निघताना वाजवायची चाल. तुम्ही ऐकली असेल, पण अर्धीच. तिची रीत अशी, की दारात सुरू करायची, नवरीच्या गाडीपुढे वाजवत चालायचं, पण शेवटची ओळ वाजवायची नाही. त्या ओळीला मिटणी म्हणत. गावाची शीव आली की गाडी थांबायची, नारळ फुटायचा, पोर खाली उतरून चिमूटभर माती पदरात बांधायची, आणि मगच मिटणी. मिटणी वाजली की पोर सासरची झाली. दारातच मिटणी वाजवली तर बापाचं दार पोरीला कायमचं मिटतं, असं बायका मानत. नानाही मानत.

त्यामुळे वरपक्षाशी त्यांचा दरवर्षी तंटा. एकदा नवरदेवाचा मामा म्हणाला, ऊन चढलं, इथेच काय ते आटपा. नाना वाजवणं थांबवून बैलांच्या पुढ्यात मांडी घालून बसले. मामाने आवाज चढवला, नानांनी तळवा दाखवला. वऱ्हाड तापत राहिलं. अखेर मामालाच नानांपुढे हात जोडायला लागले, तेव्हा गाडी हलली. नवरी पदराआड हसत होती असं मला दुसऱ्या दिवशी गावात कळलं.

मग धुळ्यात रेकॉर्ड कंपनीची माणसं आली. एका बंद थिएटरात भिंतींना गाद्या लटकवून त्यांनी यंत्र मांडलं होतं. नानांना कोणीतरी सुचवलं, आणि ते मलाही घेऊन गेले, साहेबाची भाषा कळली नाही तर सांगायला कोणी हवं म्हणून. भाषा स्वच्छ मराठी होती. कळलं नाही ते साहेबाला.

साहेब म्हणाला, रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात चाल पूर्ण करा. नानांनी तीन मिनिटं वाजवलं आणि मिटणीच्या तोंडाशी थांबले. साहेबाने पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तिथेच थांबले. साहेबाने कारण विचारलं.

"पोर आजून दारमाच शे," नाना म्हणाले. "मी कसं मिटू?"

साहेबाने खोलीत इकडेतिकडे पाहिलं, जणू पोर कुठे बसली आहे ते शोधत होता. मग गोड हसला. म्हणाला, काही हरकत नाही, तुम्ही वाजवलंत तसंच राहील. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. नाही म्हणाला असता तर नाना फिडल गोधडीत गुंडाळून घरी आले असते.

रेकॉर्ड निघाली. आम्ही ती पहिल्यांदा ऐकली पारोळ्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात. मालकाने नानांना मानाने आत बसवलं, चहा दिला, पिन ठेवली. नाना डोळे मिटून ऐकत होते. आपलाच हात बाहेरून ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मी दुसरीकडे पाहिलं. मिटणीच्या तोंडाशी फिडल थांबलं. आणि तिथून कुणाची तरी क्लॅरिओनेट उठली, आणि तिने झुलत-मुरकत चाल मिटवून टाकली. मुंबईत बसून कुणीतरी शेपूट जोडलं होतं. मिटणी चुकीची होती असंही नाही. कुठूनतरी ऐकून बरोब्बर उचललेली होती. हॉटेलातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नानांनी बशी खाली ठेवली आणि आपलं-परकं वेगळं केलं. "पहिलं मनं शे. शेवटलं मनं नही."

मी तबकडी उचलून वाचली. वर 'खानदेशी लोकधून' एवढंच. लोकधून! म्हणजे लोकांनी रस्त्यात टाकलेली, कुणीही उचलावी. शेतातल्या बुजगावण्याला निदान मालक असतो.

पुढे जे झालं ते कंपनीने नाही केलं, आपण केलं. लग्नाला लाउडस्पीकर आले. कर्णा लिंबावर बांधायचा, रेकॉर्ड लावायची, तीन मिनिटांत बोळवण उरकली. शिवेपर्यंत कोण पायपीट करणार? वाजवणाऱ्याच्या हातापाया कोण पडणार? ज्या आयाबाया दार मिटतं म्हणून डोळ्यांत पाणी आणायच्या, त्याच त्या कर्ण्याखाली उभ्या राहून सुंदर वाजतंय म्हणू लागल्या. मी विचारलं तर म्हणायच्या, अहो, ते नानाच तर वाजवतात! ज्या माणसाचं वाजवणं लोकांना इतकं आवडलं, त्याला बोलावणं त्याच्याच वाजवण्याने बंद झालं. लग्नसराईत मोटारीत आता त्यांची जागा रिकामी असायची, आणि तिथे कुणी गाठोडं ठेवलं की मी उगाच खेकसायचो.

नानांची एकुलती पोर आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, उजवली. बापाने पोरीच्या बोळवणीत वाजवायचं नाही, शिवेपर्यंतही जायचं नाही, अशी रीत. तो मांडवातच थांबतो. नानांखेरीज तालुक्यात ती चाल वाजवणारं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा पारोळ्याचा लाउडस्पीकरवाला आपणहून आला. बिचारा भला माणूस. नानांच्या घरचं कार्य, म्हणून नवी पिन घालून त्याने रेकॉर्ड लावली.

वरण-बट्टीच्या पंगती उठल्या होत्या. पोर उंबऱ्यावर उभी, आई ओटी भरत होती, आणि लिंबावरून नानांचं फिडल साऱ्या गावावर वाजत होतं. नाना मांडवाच्या खांबाला धरून होते. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "नाना, तुमचंच वाजतंय." नानांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला कळलं ते काय मोजत होते. क्लॅरिओनेट उठायच्या आत ते टेबलाशी गेले आणि पिन उचलली. उचलली कसली, ओरबाडली. कर्ण्यातून असा आवाज निघाला की बैल उधळता उधळता राहिले.

मग आत जाऊन त्यांनी फिडल आणलं. बायको म्हणाली, बाप शिवेवर जात नाही. नानांनी तळवा दाखवला, पण या वेळी बोलले काही नाही.

ते गाडीपुढे वाजवत चालले. मी मागे चाललो. तसं वाजवणं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. राग होता त्यात, निव्वळ राग, आणि तरी चाल कुठे मोडली नाही. शीव आली. नारळ फुटला. पोर उतरली, माती पदरात बांधली, आणि बापाकडे पाहत मिटणीसाठी उभी राहिली.

नानांनी गज तारेवर ठेवला. तो तिथेच राहिला. मग खाली आला.

"सगळास्न्या पोरीसनं मिटाडं," ते म्हणाले. "हिनं उघडं ऱ्हाऊ दे."

वऱ्हाडातल्या एकाने विचारलं, झालं का? त्याला मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

त्यानंतर फिडलची गोधडी सुटली नाही. पुढच्या थंडीत नाना गेले. लाउडस्पीकरवाला रेकॉर्ड घेऊन दारात आला, म्हणाला, शेवटची एकदा लावू. मी त्याला फाटकातूनच परत लावला. भला असला म्हणून काय झालं?

तेराव्यानंतर पोर माझ्याच मोटारीने सासरी निघाली. मोटार शिवेपाशी आली आणि मी घंटीची दोरी ओढली. ड्रायव्हर थांबला. तिथे स्टॉप नव्हता, चढायला कोणी नव्हतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मागून लोक ओरडू लागले, कंडक्टर, झोप लागली का, धुळ्याची वेळ गाठायची आहे. मी त्यांना ओरडू दिलं. दुसरी घंटी दिली नाही. ओरडा, म्हटलं. जन्मभर नानांना हेच ऐकवलंत, आटपा म्हणून.

शेवटी तीच माझ्याकडे वळली.

"चाला भाऊ," ती म्हणाली. "उघडंच शे ते."