माझ्या मेहुण्याचा अडवण्याचा धंदा

जर्मनीतल्या समस्त मराठी मंडळींत भरपेट जेवण्याचा पगार घेणारा माणूस एकच असावा, आणि तो माझा मेहुणा आहे. बाकीचे आम्ही वाल्डॉर्फला कॉम्प्युटरसमोर बसून पोट वाढवतो, ते फुकट. हा मेकॅनिकलचं शिकायला पुण्याहून हायडेलबर्गला आला. कॉलेजात कबड्डी खेळायचा. एका संध्याकाळी नेकार नदीकाठच्या हिरवळीवर काही पोरं हेल्मेट घालून एकमेकांना ढकलताना दिसली. हा बघत उभा राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यात ढकलायला लागला. डिग्री रीतसर घेतली, पण नोकरी धरली ती अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक क्लबात.

या खेळात चेंडू फेकणारा एक गडी असतो. त्याला लोळवायला समोरचे धावून येतात, आणि त्यांना अडवायचं काम माझ्या मेहुण्याचं. चेंडूला हात लावायचा नाही, गुण मिळवायचे नाहीत, नुसतं आडवं उभं राहायचं. त्यासाठी वजन लागतं. आमच्याकडे जेवायला आला की बायको आग्रह करायला म्हणून पोळी उचलते, तोवर याचं ताट पुढे आलेलं असतं. "ताई, वाढ. ड्यूटीवर आहे." आग्रह करण्यातली सगळी मजा भावाने घालवली, असं तिचं म्हणणं आहे. बरं, अडवायची सवय मैदानाबाहेरही सुटत नाही. फलाटावर गर्दी झाली की कुठल्याही अनोळखी आजीबाईंपुढे हात फैलावून गर्दी अडवत उभा राहतो. गणपतीत मी आरतीचं तबक घेऊन वळलो, तर हा माझ्यापुढे असा काही वाकून उभा, की मंडळींना आरती घेता येईना.

"अरे, भक्त आहेत ते," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर, भावोजी. पण केवढ्या जोरात येत होते."

सासूबाईंना हे काही पटलेलं नव्हतं. पुण्याहून फोन आला की मलाच विचारायच्या, "अहो, स्थळ घेऊन येणाऱ्यांना सांगू काय? मुलगा करतो काय?"

"ढकलतो म्हणून सांगा," मी म्हणायचो. मग त्या फोन मुलीकडे द्यायला सांगायच्या.

आणि गेल्या वर्षी त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, आणि स्वारी आमच्या सोफ्यावर येऊन पडली. क्लबने स्पष्टच सांगितलं, बरा झालास की एक सामना खेळून दाखव. निभावलंस तर करार पुढे, नाहीतर रामराम. तिशी उलटलेली. सकाळी जिन्याचा कठडा धरून व्यायाम करायचा, तेव्हा चेहरा उतरलेला असायचा. एकदा म्हणाला, "भावोजी, इंजिनियरिंगमधलं काही आठवतंय का, बघायला हवं." हा माणूस घाबरू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं, आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

त्या सामन्याला सासूबाई मुद्दाम आल्या. लेकाचा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. पहिल्या धडकेला त्यांनी डोळे मिटले, पुढे मिटायचं विसरल्या. आदल्या दिवशीच्या पावसाने मैदानाचा पार चिखल झालेला. हा पडायचा, उठायचा, पुन्हा आडवा जायचा. शेवटी चेंडू लांब गेला, यांच्या संघाने गुण मिळवले आणि सगळे नाचत तिकडे धावले. हा एकटा मागे, गुडघ्यावर हात टेकून वाकलेला.

"बघा, याच्याकडे कुणी फिरकतसुद्धा नाही," मी चिडून म्हणालो.

सासूबाई दुसरीकडेच बघत होत्या. "तो चेंडू फेकणारा मुलगा बघा. एवढ्या चिखलात त्याच्या कपड्यांना डाग नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याच्या आईला कुणीतरी कळवायला हवं."

करार झाला, पण एका हंगामापुरताच. त्यापुढे गुडघा काय म्हणेल, ते तोही सांगू शकत नाही. म्हणून हल्ली आम्ही एकही सामना चुकवत नाही, आणि सासूबाई पुण्याहून फोनवर बघतात. चेंडू लांब गेला की सगळं मैदान तिकडे बघतं. आम्ही तेवढे चिखलात पडलेल्या त्या गड्याकडे बघत असतो, आणि तो उठून उभा राहीपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही.