आर्वोचे दोनच डबे

आमच्या टोळीत सगळ्यांत जास्त चिडवला जाणारा माणूस म्हणजे आर्वो लाहतीनेन. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात सपाट छपरांवर रबराची चादर चिकटवायचं आमचं काम. ती चिकटवायच्या सोल्यूशनचं गोदाम आणि त्याची किल्ली बावीस वर्षं आर्वोकडे होती. डबा उघडला की वाफ दिसत नाही, जमिनीलगत सरपटते आणि कोपऱ्यातली ठिणगीसुद्धा शोधून काढते, हे तो रोज सांगायचा. आम्हाला त्याचा वीट आला होता.

थंडीत सोल्यूशन काकवीसारखं घट्ट होतं. म्हणून आर्वो डबे आदल्या दिवशीच गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या खोलीत ठेवायचा. ठिणगी नको म्हणून त्या खोलीतल्या दिव्याचं बटणसुद्धा बाहेर होतं. छपरावर एका वेळी दोनच डबे न्यायचे, तेही झाकण घट्ट लावून. ते संपवून परत आणले की पुढचे मिळत.

"सासूबाई, भांडी घासून आणली, आता वाढा की!" आम्ही ओरडायचो. तो डब्याच्या कडा पुसत राहायचा.

त्या जानेवारीत शाळेचं छप्पर चालू होतं आणि दुपारनंतर वादळ येणार होतं. आमचा मुकादम कर्टिस तापला होता.

"आर्वो, सहा डबे एकदम वर पाठव."

"दोन."

"म्हाताऱ्या, तू छप्पर घालायला आलायस की बाळंतपण करायला?"

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. कर्टिसने त्याच्याकडून किल्ली काढून घेतली, हातात फावडं दिलं आणि बर्फ उपसायला लावलं. माणूस मान खाली घालून बर्फ उपसत होता आणि आम्ही त्याच्यापुढे मुद्दाम आणखी बर्फ लोटत होतो. आम्हाला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू?

गोदामात तापवलेले डबे संपले, तेव्हा कर्टिसने मला चार गार डबे आम्ही ऊब घ्यायला बसायचो त्या ट्रेलरमध्ये, गॅसच्या हीटरपाशी ठेवायला सांगितले. "लॉनी, झाकणं सैल कर, नाहीतर फुगतील." मी केली. आर्वोकडून रोज ऐकलेलं सगळं मला पाठ होतं, तरी केली. कर्टिससमोर मला सासूबाई व्हायचं नव्हतं.

आर्वो हातमोजे बदलायला आत आला. त्याला वास आला. त्याने आधी मला दंडाला धरून बाहेर फेकलं, मग तो हीटर बंद करायला वळला. जाळ जमिनीवरून आला. माझा एक केसही जळला नाही. त्याचे दोन्ही हात आणि डोळे गेले.

तिसऱ्या दिवशी कर्टिसने कागद पुढे केला. "किल्ली आर्वोकडेच होती, डबे त्यानेच आत ठेवले, असं लिहिलंय. झाकणं कोणी सैल केली ते तुलाही सांगायचं नाही आणि मलाही." मी सही केली.

इस्पितळात आर्वो म्हणाला, "सगळे मलाच दोषी धरणार. पण किल्ली कोणी काढून घेतली ते तू पाहिलंस. सांगितलंस ना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"बरं झालं. कंपनीचं पत्र आलंय. बायको रडते, वाचत नाही. तूच वाच."

मी वाचलं. निष्काळजीपणामुळे कामावरून काढल्याचं होतं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव होतं, तेवढं मी वाचलं नाही.

"म्हणजे तुझंसुद्धा ऐकलं नाही त्यांनी," आर्वो म्हणाला आणि उलट माझीच समजूत घालू लागला.