वाऱ्याने जाणारे, जीपने येणारे मामा

बोटीमागे दोरीने ओढला जाणारा माणूस आणि वारा हातात धरून जाणारा माणूस, यांतले तुम्ही कोण? विचार करूनच सांगा, कारण माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, याच एका प्रश्नावर अख्ख्या कंधार तालुक्याची वाटणी करून बसले आहेत. पाण्यावर फळी घेऊन धावण्याचं शास्त्र त्यांच्याइतकं मराठवाड्यात कोणाला कळत नाही, आणि ते ऐकून घ्यायला इतकी नाखूष माणसंही दुसऱ्या कुठल्या मुलखात सापडणार नाहीत.

मामा गोव्याला पर्यटकांना पाण्यावरचे खेळ शिकवायचे. त्यांची आई अंथरुणाला खिळली तसे नोकरी सोडून गावी आले. सोबत मालकाने निरोपाला दिलेला, माणसाला पाण्यावरून ओढून नेणारा एक भलामोठा पतंग आणि एक फळी. तेव्हापासून कोणी चपला घ्यायला निघाला तरी मामा त्याला अडवून दोन फळ्यांतला फरक सांगतात. वेकबोर्ड मोटरबोटीच्या मागचा: जाड, वजनदार, दोन्ही टोकं वर वळलेली, पाय बुटांत घट्ट बांधलेले, म्हणजे लाटेवरून उडून आपटलात तरी फळी पाय सोडत नाही. काइटबोर्ड पतंगाचा: पातळ, हलका, जवळजवळ सपाट, पाय नुसते पट्ट्यांत सरकवायचे; पडलात की पाय मोकळे. आणि तो कडेने पाणी कापत वाऱ्याच्या उलट दिशेने तिरपा चढतो, म्हणून निघालात तिथे परत येता येतं. लग्नाच्या पंगतीत त्यांनी हे पुरी आणि पापड हातात धरून समजावलं होतं. वाढपी वरण घेऊन ताटकळला होता. एकदा नात्यातल्या मुलीसाठी स्थळ बघून आलो. बाकीचे शेती नि नोकरीचं बोलत होते, मामांनी निकाल दिला, “पोरगा वेकबोर्ड हाय. बाप बोट चालवून राहिला म्हणून हा पळून राहिला. दोरी सुटली की बसला बुडी मारून!” स्थळ मोडलं. माझ्या मते बरंच झालं.

गोम अशी, की मालकाने दिलेली फळीच वेकबोर्ड आहे. आमच्या तलावावर मोटरबोट कुठली? वारा मात्र उन्हाळ्याच्या शेवटी पत्रे उडवणारा. मामा पतंगाला लटकून त्या फळीवर झपाट्याने निघतात, पण ती काही वाऱ्याच्या उलट दिशेने चढत नाही, आणि मामा थेट पलीकडच्या काठाला लागतात. मग ओल्या चड्डीत, काळीपिवळी जीपच्या टपावर फळी टाकून परत. ड्रायव्हर रोज म्हणतो, “मामा, दोन्हीकडून माझ्याच गाडीत बसा की!” मामा ठासून सांगतात, “फळीची चूक हाय रे, वाऱ्याची न्हाई.”

हसण्यावारी गेलं असतं सगळं. पण त्यांची अकरावीतली शीतल पतंग धरायला शिकली, आणि तलावाच्या बांधावर ती बापापेक्षा सरस धरते. गावात कुजबुज सुरू झाली. पोरीने पाण्याकडे घागर नाहीतर धुणं घेऊनच जावं, हा कायदा कोणत्या सभेत झाला ते मला कोणीतरी दाखवावंच! आत्या गावाला भीत नाही. तिची अट वेगळी आहे. “जा म्हणते मी पाण्यात. पण जिथून निघाली तिथंच माघारी आली पाहिजे. पलीकडं एकटी, वल्ल्या कपड्यात गाडीची वाट बघत उभी राहायची न्हाई.” कोणाचंही वाक्य पुरं होऊ न देणाऱ्या मामांनी त्या दिवशी आत्याचं वाक्य पुरं होऊ दिलं आणि मान डोलावली. अट रास्त होती. शिवाय शिकाऊ पोरीचे पाय त्या बुटांत बांधायला त्यांचं स्वतःचंच मन धजत नव्हतं.

आता रोज संध्याकाळी शीतल बांधावर उभी राहून पतंग आभाळात स्थिर धरते. पाणी चार पावलांवर असतं. मामा शेजारी बसतात आणि कोणालाच काही समजावत नाहीत. असे मुके मामा मला बघवत नाहीत.

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती आहे. तुमच्या, तुमच्या पाहुण्यांच्या माळ्यावर अशी एखादी जुनी फळी पडली असेल तर खाली काढा आणि जमिनीवर ठेवून बघा. टोकं फार उचललेली असतील, बूट बसवलेले असतील, तर राहू द्या. सपाट असेल आणि पायाला नुसते पट्टे असतील, तर कंधारच्या बसमध्ये चढवून द्या. स्टँडवर उतरवून घ्यायला मी येतो. फक्त वारा पडायच्या आत पाठवा.