चौथ्या मजल्यावरचे एल्बो

व्हर्ना हलुस्काचा फोन आला की पेनसिल्व्हेनियातल्या निम्म्या पाईप-व्यापाऱ्यांच्या कपाळाला आठी पडायची. बाई ख्यालीखुशाली वगैरे विचारायचीच नाही. पहिलाच प्रश्न, "माल ओतलाय कुठं?"

"आपल्याच देशातला आहे हो, ओहायोहून येतो."

"येतो कुठून ते नाही विचारलं. ओहायोत नुसतं खोकं भरलं असेल. लोखंड कुठं ओतलं?"

मग पलीकडे खाकरणं सुरू व्हायचं आणि व्हर्ना फोन ठेवून द्यायची.

ग्लेन यॉस्टच्या कंपनीत ती खरेदी बघायची. इमारतींना आग लागल्यावर छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर बसवणं हा त्यांचा धंदा. सरकारी पैशाची इमारत असली की अट यायची, पाइपांचे जोड, म्हणजे फिटिंग, याच देशात ओतलेली हवीत. बाकीच्या खरेदीदारांना ही अट म्हणजे डोक्याला ताप. व्हर्नाला मात्र ती कुणालातरी उशिरा सुचलेलं शहाणपण वाटायची. तिच्या कार्व्हर्स फेरी गावात नदीकाठी ओळीनं फाउंड्र्या, लोखंड ओतायचे कारखाने, होत्या, त्यातली एकच उरली होती. तिचा बाप तिथं साचे भरता भरता म्हातारा झाला. स्वस्त माल आला आणि बाकीच्यांना टाळं लागलं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याबद्दल ती कधी रडत बसली नाही. तिला राग यायचा, आणि तो राग ती फोनवर काढायची.

त्या वर्षी काम मिळालं ते गावातल्याच सरकारी वृद्धाश्रमाच्या नव्या इमारतीचं. फिटरांचा मुकादम होता व्हर्नाचा धाकटा भाऊ स्टॅन. निवृत्तीआधीचं त्याचं हे शेवटचं काम. नेमकी तेव्हाच गावातल्या त्या एकुलत्या फाउंड्रीची भट्टी बिघडली आणि चौथ्या मजल्याचे एल्बो, म्हणजे पाइप वळवायचे लोखंडी कोपरे, रखडले. अखेर एका गुरुवारी ते आले, तेव्हा व्हर्ना स्वतः ट्रकमध्ये बसून घेऊन आली.

"ठेव खाली कोपऱ्यात," स्टॅन म्हणाला. "चौथा मजला झालासुद्धा."

"झाला? एल्बो तर आत्ता येतायत!"

"यॉस्टची माणसं एल्बोवाचून अडत नाहीत, व्हर्नी. तुला माहीत नाही का?"

तिला चांगलंच माहीत होतं. या फिटरांची ही जुनी शेखी. प्रत्येक कामावरचं उरलंसुरलं फिटिंग आणून कंपनीच्या आवारातल्या पिंपांत ओतायचं आणि कमी पडलं की तिथूनच मूठ भरून आणायची. देशी, परदेशी, सगळं एकाच पिंपात. एरवी त्यानं काही बिघडत नाही. इथं बिघडत होतं, आणि इतक्या वर्षांची सवय असलेल्या हातांनी पिंपात जाताना डोळ्यांना विचारलंच नव्हतं.

बाहेरून आलेल्या एल्बोवर त्या त्या देशाचं नाव ओतलेलं असतंच, तो कायदाच आहे. व्हर्ना शिडीवर चढली, बॅटरी मारली. पहिला वाचला. दुसरा वाचला. शिडी सरकवून तिसरा वाचला.

"उतर की आता," खालून स्टॅन ओरडला.

"थांब. जग फिरून येतेय."

खाली आली तेव्हा स्टॅनचं तोंड उतरलं होतं. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, हे तिला कळत होतं. "काढावे लागतील," ती म्हणाली.

"सोमवारी पाइपांखालचं छत बसवणारे येतायत, व्हर्नी. एकदा छत बंद झालं की कोण वर बघणार? माझं शेवटचं काम आहे हे."

"म्हणूनच तर काढ."

तो पाठ फिरवून निघून गेला.

ती ग्लेनकडे गेली, तर त्यानं खुर्चीतून उठायचीही तसदी घेतली नाही. त्याच्या बापाच्या काळापासून ती तिथं होती. पोराला खरेदीचं काम तिनंच शिकवलं होतं. "लोखंडच आहे ना? मग पाणी काय देश विचारून वाहतं?"

"पाणी नाही विचारत. मी विचारते. आणि माल वाईट आहे असं मी म्हणतच नाही. पण आपण कबूल केला तो हा माल नव्हे."

"झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे. गप्प बस."

ती गप्प बसली, पण शुक्रवार संध्याकाळपर्यंतच.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस; मांस वर्ज्य, मासा चालतो. शुक्रवारी सगळं गाव अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाचं सँडविच खायला जमतं, तसं जमलं होतं. ग्लेन बायकोबरोबर आला होता. स्टॅन खाली मान घालून कोबीचं सॅलड चिवडत होता. फाउंड्रीतला ऑगी बेनेडेटी, जो ते एल्बो ओततो, ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चौथा मजलापण झाला म्हणे! आमची भट्टी बंद होती म्हणून मला घोर लागला होता रे. तुम्ही आमच्यासाठी थांबलात, हे नाही विसरणार."

स्टॅनचा घास तोंडातच राहिला. शेजारी बसलेल्या व्हर्नानं काटा खाली ठेवला.

"नाही थांबलो, ऑगी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चौथ्या मजल्यावर तुझा एकही एल्बो नाही. तुझे एल्बो खाली खोक्यात पडलेत. वरचे सगळे बाहेरचे आहेत, आणि सोमवारी त्यांच्यावर छत बसतंय."

आजूबाजूच्या माना वळल्या. घरचा आहेर असा भर पंगतीत मिळाल्यावर ग्लेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठून तिच्याजवळ आला, दात आवळून म्हणाला, "सोमवारी येऊ नकोस. तुझं सामान पाठवून देईन."

"टेबलावरची माझी कुंडी जपून पाठव," ती म्हणाली आणि उरलेला मासा संपवला.

स्टॅन तिच्याशी एक अक्षर न बोलता निघून गेला. त्याचं तिला लागलं. नोकरीचं लागलं नाही इतकं ते लागलं.

शनिवारी सकाळी ती मोठा पाना घेऊन चौथ्या मजल्यावर गेली. खोकी तिनं एकेक करून लिफ्टनं वर आणली. आयुष्यभर फिटिंग विकत घेतली होती, खोलली कधीच नव्हती. मधलाच एक एल्बो धरून ती लोंबकळली. तो ढिम्म हलेना.

"मधून सुटत नसतं ते, गाढवे," दारातून आवाज आला. स्टॅन. डोळे सुजलेले, हातात स्वतःचा पाना. "टोकापासून सुरू करावं लागतं. म्हणजे अख्खी लाईन खोलायची. कळलं तू काय करून ठेवलंयस?"

"मी?"

तो पुढे झाला. टोकाला शिडी लावली, चढला आणि पहिला एल्बो काढून खाली दिला. तिनं खोक्यातला नवा वर दिला. पहिली लाईन संपत आली तेव्हा जिन्यात बुटांचा आवाज झाला आणि ग्लेन धापा टाकत आत आला.

"कुणाला विचारून चाललंय हे? व्हर्ना, तुला मी कामावरून काढलंय!"

"काढलंयस ना?" व्हर्ना पुढचा एल्बो उचलत म्हणाली. "मग आता तुझं ऐकायचं कारणच उरलं नाही. बाजूला हो, शिडी सरकवायचीय."

ग्लेननं वर स्टॅनकडे पाहिलं. स्टॅननं खाली न बघता हात पुढे केला. "दे," तो बहिणीला म्हणाला.