पेडल तळाला गेलं तेव्हा

इंग्लंडमधल्या एका छोट्या कारखान्यातून माझी गाडी तेरा खोक्यांत भरून आली. दोन सीटची, बिनछपराची स्पोर्ट्स कार. आत बसून हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल इतकी बुटकी. ती सुटी मिळते आणि आपण घरी जोडायची असते. त्याआधी मी सायकलची उतरलेली चेनसुद्धा कधी स्वतः चढवली नव्हती.

जर्मनीत, वाल्डॉर्फला मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझ्या कामात चूक झाली तर कोणीतरी तक्रारीचं टिकेट टाकतं, आम्ही दोन दिवसांत ती सुधारतो आणि कोणाला ओरखडासुद्धा येत नाही. पंधरा वर्षं हे केल्यावर मला काहीतरी वजनदार, तेलकट, खरंखुरं करून बघायचं होतं. नवऱ्याला वाटलं होतं, मी फार तर कुंभारकामाचा क्लास लावेन.

पहिल्याच आठवड्यात मनात भीती बसली. मॅन्युअलमध्ये प्रत्येक बोल्टपुढे तो किती घट्ट आवळायचा त्याचा आकडा दिलेला होता. मी टॉर्क रेंचने बोल्ट आवळायची, वर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायची आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बसलं की वाटायचं, डावीकडचा तो खालचा बोल्ट मी खरंच आवळला, की नुसता ठिपका दिला? स्क्रीनवर कोणीतरी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर" म्हणत असायचं आणि माझ्या डोळ्यांपुढे एक चाक निखळून ऑटोबान हायवेवर एकटंच पळत असायचं. घरी आल्यावर कोट न काढताच मी गॅरेजमध्ये शिरायची आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासायची.

इंजिन मोडीत निघालेल्या एका जुन्या गाडीचं होतं. भाड्याने आणलेल्या क्रेनला साखळीने टांगून ते आम्ही चौकटीत उतरवत होतो, तेव्हा साखळी एकदा कट्कन सरकली आणि इंजिन चार बोटं खाली आलं. त्याच्या क्षणभर आधी माझा हात तिथेच होता. मी हात काखेत दाबून खाली बसले. नवरा म्हणाला, "पुरे आज." त्यानंतर तो गॅरेजमध्ये आलाच नाही. "मला बघवत नाही," एवढंच म्हणाला.

मे महिन्यात सासरे भारतातून आले, तीन महिन्यांसाठी. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे येत होते. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी बसडेपोत मेकॅनिकची नोकरी केलेली. आल्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर मी त्यांना गाडी दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"ही चालणार?"

"चालणार ना, बाबा."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

ते "हं" म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी चाकांचे नट आवळत होते. ते मागून म्हणाले, "अगं, ओळीने नको. समोरासमोरचे आवळ, नाहीतर चाक तिरकं बसतं." त्यांचं बरोबर होतं. ते मला माहीतही होतं, पण त्या क्षणी विसरले होते. विसरले होते म्हणूनच मला राग आला. "बाबा, मॅन्युअल आहे ना. इथे सगळं लिहिलेलं असतं," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. "बरं बरं," ते म्हणाले आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून त्यांनी गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही.

आमचं गॅरेज घरामागे थोडं उंचावर आहे. तिथून फरसबंदी अंगण उतरत जातं आणि खाली बीच नावाच्या झाडाच्या झुडपांचं दाट कुंपण आहे. कुंपणाला लागून दुपारचं ऊन येतं. सासरे तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून, मेमध्येही कानटोपी घालून बसायचे. तिथून त्यांना गॅरेजच्या आतलं सगळं दिसायचं. मी काम करायची, ते बघायचे. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची, पण विचारायची हिंमत होत नव्हती. एकदा झिडकारल्यावर कोणत्या तोंडाने विचारणार?

जूनमध्ये ब्रेक बसवले. चाकामागच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा जो चिमटा असतो, तो कॅलिपर. चार चाकांना चार कॅलिपर, त्यांना जोडणाऱ्या नळ्या, त्यांत भरायचं तेल. तेल भरताना नळ्यांतली हवा काढून टाकावी लागते. हवा राहिली तर पेडल दाबल्यावर ती हवाच दबते, ब्रेक लागत नाही. मी दोन दिवस हवा काढत होते. तरी पेडल स्पंजवर पाय ठेवल्यासारखं लागायचं. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं होतं, नव्या ब्रेकचं पेडल सुरुवातीला मऊच लागतं, पुढे बसतं. मला तेच ऐकायचं होतं. मी ते खरं मानलं.

एका शनिवारी नवरा बाजारात गेला होता. मी ठरवलं, गाडी एकदा स्वतःच्या चाकांवर बाहेर काढायची. इंजिन सुरू करायचं नाही. नुसती उतारावर दोन हात जाऊ द्यायची, ब्रेक दाबायचा, थांबवायची. सासरे खाली खुर्चीत बसलेले मला दिसत होते. मी ओरडून सांगायला हवं होतं, "बाबा, जरा बाजूला व्हा." नाही सांगितलं. दोन हात तर जायचं होतं.

गाडी हलली. आपण जोडलेली वस्तू आपल्याला घेऊन निघाली, याचा क्षणभर आनंद झाला. मग मी ब्रेक दाबला आणि पेडल काही न अडता थेट तळाला गेलं. गाडी थोडी अडखळली, पण थांबली नाही. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तळाला. उतारावर तिचा वेग वाढत गेला. सासरे खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला बघत होते, पण गुडघे त्यांना पटकन उठू देत नव्हते. मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. मी किंचाळले की नाही, आठवत नाही. हँडब्रेक आहे हे मला आठवलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी तो दोन्ही हातांनी ओढला. मागची चाकं करकरली, गाडी घसरली आणि तिचं नाक खुर्चीला लागलं. खुर्ची मागे कलंडली आणि सासरे कुंपणात पडले.

मी गाडीतून कशी उतरले कोण जाणे. ते झुडपांत उताणे पडले होते, पाय वर, कानटोपी डोळ्यांवर आलेली.

"बाबा! अहो बाबा!"

"आहे, आहे," ते म्हणाले. "चष्मा बघ कुठे गेलाय."

हाडं शाबूत होती. दोन्ही हातांवर फांद्यांचे ओरखडे आणि नडगीवर एक निळा डाग, तेवढंच. मी त्यांना धरून बसवलं. ते बराच वेळ गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत राहिले.

"हवेचा स्क्रू खालच्या बाजूला आहे," ते म्हणाले. "वर पाहिजे. हवा वर चढते. तू कितीही काढलीस तरी ती वरच राहणार. तुझे पुढचे दोन्ही कॅलिपर उलटे लागलेत. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे."

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. मॅन्युअलमधली आकृती गाडीखालून बघितल्यासारखी काढलेली होती आणि मी ती वरून बघितल्यासारखी वाचली होती.

"तुम्हाला कधी दिसलं हे?"

त्यांनी कानटोपी सारखी केली. मग म्हणाले, "मंगळवारी."

"मंगळवारी? मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, इकडे असंच बसवत असतील. आणि तुझं पुस्तक आहे." त्यांचे डोळे भरून आले होते. "चूक माझी आहे, बाळ. मी बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी माझी माफी मागावी, हे मला सहन होईना. मी तिथेच फरशीवर बसून रडले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्याला काही सांगू नकोस. मी खुर्चीवरून पडलो म्हणून सांगतो."

आणि त्यांनी तसंच सांगितलं. नवऱ्याने औषध लावलं, खुर्चीला शिव्या दिल्या, नवी खुर्ची आणतो म्हणाला. चार दिवस मी ते पोटात ठेवलं. जेवताना त्यांच्या हातावरचे ओरखडे दिसायचे आणि मी ताट अर्धवट ठेवून उठायची. गॅरेजचं दार मी उघडलंच नाही. किल्ली हातात घ्यायची आणि परत खुंटीला अडकवायची. पाचव्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठून खिडकीपाशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "विकून टाक ती. प्लीज."

"टाकते," मी म्हणाले, आणि मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी जाहिरात लिहायला बसले. सासरे समोर भाजी निवडत होते.

"काय लिहितेस?"

"गाडीची जाहिरात. अर्धवट बांधलेली आहे, असं."

"ब्रेक लागत नाहीत, तेही लिहिलंस का?"

ते लिहिलेलं नव्हतं.

"लिहिलंस तरी," ते म्हणाले, "घेणारा वाचेलच असं नाही. वाचलं तरी त्याला वाटेल, आपण करू. तुलाही वाटलंच की. अशी गाडी दुसऱ्याच्या दारात नाही ढकलायची. आधी नीट कर, मग खुशाल वीक."

"मला भीती वाटते, बाबा."

"मलाही वाटते. डेपोतून रोज गाड्या सुटायच्या, पन्नास-पन्नास माणसं भरून. बत्तीस वर्षं वाटत होती." त्यांनी मेथीची काडी मोडली. "उद्या सकाळी उघड गॅरेज."

पुढचे पाच आठवडे आम्ही नवं काही जोडलं नाही. जे जोडलं होतं तेच उकललं. कॅलिपर अदलाबदल केले, तेल नव्याने भरलं. मी पेडल दाबायची, ते चाकाशी बसून स्क्रू उघडायचे आणि ओरडायचे, "दाब... धर... सोड!" नळीतून बुडबुडे आले, मग कमी झाले, मग थांबले. पेडल अर्ध्यावर येऊन दगडासारखं टणक झालं. ते म्हणाले, "आता दोन्ही पायांनी उभी राहा त्याच्यावर." मी जवळजवळ उभी राहिले. ते हललं नाही. त्यानंतर आम्ही एकेक बोल्ट पाहिला. स्टिअरिंगचा एक बोल्ट सैल निघाला. त्यावर माझा पांढरा ठिपका होता.

ऑगस्टमध्ये सासरे परत गेले.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तिची स्वतंत्र तपासणी होते, आइन्झेलआबनामे. सप्टेंबरमध्ये मी गाडी भाड्याच्या ट्रेलरवर चढवून तिथे नेली. तपासणारा साठीकडे झुकलेला, शांत माणूस होता. त्याने टॉर्च घेऊन खाली शिरून तासभर पाहिलं. मग त्याने विचारलं, "ही कोणी बांधली?"

"मी. सासऱ्यांनी मदत केली."

"या," तो म्हणाला, म्हणजे जर्मनमध्ये "हो, बरं." आणि गाडीत बसून मागच्या मोकळ्या आवारात घेऊन गेला. तो वेग वाढवत भिंतीच्या दिशेने गेला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मला फक्त टायरचा आवाज ऐकू आला. डोळे उघडले तर गाडी उभी होती, सरळ, भिंतीपासून लांब. त्याने उजवा आरसा आणि सायलेन्सरचा आवाज यासाठी मला परत पाठवलं. दोन आठवड्यांनी कागदावर शिक्का दिला.

सासऱ्यांना फोन केला तर म्हणाले, "आता वीक मग." मी म्हणाले, "बघते." ते हसले.

पहिल्या दिवशी मी एकटीच निघणार होते. हेल्मेट घालून इंजिन सुरू केलं तर नवरा जाकीट घालून बाहेर आला आणि शेजारच्या सीटमध्ये अंग दुमडून बसला.

"उतर रे. मला आधी एकटीने चालवू दे."

"चल."

आम्ही शेतांमधल्या रस्त्याने निघालो. इंजिनचा आवाज, चेहऱ्यावर वारा, सगळं जसं असायला हवं तसं होतं. पण मी त्यातलं काही उपभोगत नव्हते. मी प्रत्येक खडखडाट ऐकत होते आणि कोणता बोल्ट, ते शोधत होते. शतावरीच्या एका शेतातून अचानक ट्रॅक्टर रस्त्यावर आला. मी ब्रेक मारला. पट्टे छातीत रुतले, नवऱ्याचा तळवा समोरच्या पत्र्यावर आपटला आणि गाडी थांबली. ट्रॅक्टरवाल्याने हात वर केला आणि तो निघून गेला.

मी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरून निघेनात.

"लागले ब्रेक," नवरा म्हणाला.

"परत जाताना तू चालव."

"मी? मला ही कशी चालवायची तेसुद्धा माहीत नाही."

मग मीच चालवली. ताशी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागे गाड्यांची रांग लागली, एकाने हॉर्न वाजवला. मी वळून पाहिलं नाही.