काउंटरवरचा डोनट

दुबईत अल कुसैसला आमच्या बिल्डिंगखाली डोनटचं दुकान आहे. कंबोडियाच्या मायलेकी ते चालवतात. आई, म्हणजे आता आजीच, तरुणपणी तिथल्या लढाईतून जीव वाचवून पळाली, निर्वासितांच्या छावणीतून अमेरिकेत पोचली आणि तिथे डोनट तळायला शिकली. पुढे लेक नोकरीसाठी दुबईत आली, नोकरीला कंटाळली आणि आईला बोलावून घेऊन तिने हे दुकान टाकलं. एवढी माहिती मी पहिल्याच महिन्यात काढली होती. नवरा म्हणतो, मला नाक खुपसायला निमित्त लागत नाही. खरं आहे, पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

एका गोष्टीचा मात्र पत्ता लागत नव्हता. काउंटरच्या टोकाला, रिकाम्या स्टुलासमोर, रोज एका बशीत साखरेत घोळवलेला डोनट ठेवलेला असायचा. सगळे ट्रे संपले तरी त्या दोघी तो विकायच्या नाहीत. एकदा माझ्या मुलीने नेमका तोच मागितला. आजीने मान हलवली आणि तिच्यासाठी आतून नवा तळून आणला.

"दॅट वन इज टेकन," लेक म्हणाली. कुणी घेतलाय, ते काही बोलली नाही.

मग भाद्रपद उजाडला. एका सकाळी आतलं दार उघडं होतं. फळीवर भाताचे गोळे, केळी, डोनट अशा बशा मांडल्या होत्या आणि उदबत्ती जळत होती. लेक म्हणाली, या दिवसांत आमची गेलेली माणसं भुकेली होऊन घरी येतात, त्यांना जेवू घालतो. माझ्या अंगावर काटाच आला. हा तर आमचा पितृपंधरवडा! तेच दिवस, तेच भाताचे गोळे. मला इतका आनंद झाला की मी लगेच शहाणपणा केला. बाहेरचा डोनटही कुणा पितराचाच असणार असं धरून सांगून टाकलं, "आमच्याकडे ज्यांची तिथी माहीत नसते त्यांना अमावस्येला वाढतात. या रविवारीच आहे."

लेकीने ते आईला आपल्या भाषेत सांगितलं. आजीने हात पुसले आणि हळूहळू बोलत राहिली. आतल्या बशा आई, वडील, बहीण आणि नवऱ्याच्या. बाहेरची धाकट्या भावाची. पळताना गर्दीत त्याचा हात सुटला, पुन्हा सापडला नाही. तो मेला असं आजवर कुणीही सांगितलेलं नाही.

"ती विचारतेय," लेक म्हणाली, "रविवारी त्यालाही आत वाढायचं का? तो गेला असेल तर इतकी वर्षं उपाशी आहे. आणि जिवंत असेल तर मीच त्याला मारलं असं होईल."

आजी माझ्याकडे बघत होती, जणू मी कुणी भटजीच. आपण होऊन तोंड घातलं होतं, आता निस्तरायलाही हवं होतं. घरी येऊन साताऱ्याला आईला फोन लावला.

आईने आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "जिवंत माणसाचं पान पितरांत मांडू नये गं. तिला सांग, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठीही आपण एक घास काढतो. त्यात नाव घ्यावं लागत नाही."

मी तशीच चपला घालून खाली गेले आणि ते लेकीला सांगितलं. आजीने ऐकून घेतलं. आणि पुन्हा कढईकडे वळली. पुढचे दोन दिवस मला फार धाकधूक वाटली. माझ्या आगाऊपणामुळे या बाईने भावाची आशा सोडली तर?

रविवारी सकाळी मुलीला घेऊन गेले. आधी आत डोकावले. फळीवर एक बशी जास्तीची होती, दाराच्या बाजूला, इतरांपासून जरा लांब. मग भीतभीत काउंटरकडे वळले.

"मम्मा, इट्स स्टिल देअर," मुलगी म्हणाली.

डोनट जागेवर होता. आजी आतून आली, तिने बोटाने तो दाबून पाहिला. गार झाला होता. तो उचलून तिने बशीत कढईतला गरम डोनट ठेवला आणि स्टूल फडक्याने पुसून घेतलं.