उस्तादांचा डावा हात

माझी शेवटची पोस्टिंग नागपूरजवळच्या मिलिटरी इस्पितळात. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. बंदूक कमी आणि थर्मामीटर जास्त चालवलेला सैनिक. सकाळी बीपी, गोळ्या, मेजर मॅडमचा राउंड. दुपारी नातेवाइकांची भेट. तेवढा वेळ शिस्त रजेवर.

एकदा नंदनवनचे उस्ताद दाखल झाले. बँडचे निवृत्त ड्रमर. स्ट्रोक. डावी बाजू लुळी, जीभ मात्र पूर्ण फिट. सुई पाहिली की म्हणायचे, "हळू टोच गा, ड्रमचं कातडं नाही हे!"

त्यांच्या बायकोचा, काकूंचा, रोज एकच प्रश्न. "भाऊ, यायचा हात हालन ना?"

तिसऱ्या दुपारी बँडमधले जुने बॅगपाइपवाले गुलाबराव भेटीला आले. अचानक उस्तादांची डावी बोटं पलंगावर टपटप उडू लागली.

"वहिनी, पाहा! उस्ताद ताल धरून राहिले!"

काकूंनी हात जोडले. शेजारच्या जवानाने टाळ्या वाजवल्या. गुलाबरावांनी तोंडाने मार्चची धून धरली. वॉर्डात परेडच भरली! मीही मजेत पुढे सरकलो आणि पाहिलं, त्याच ठेक्यावर ओठाचा डावा कोपरा उडत होता. नजर डावीकडे खिळलेली.

"उस्ताद!"

उत्तर नाही. टोमणाही नाही.

"बँड, थम! फिट आलीय त्यांना!"

तोवर सगळं अंग झटके देऊ लागलं. गुलाबराव चमचा घेऊन धावले. "दातात घालू?"

"काही घालायचं नाही! चमचा खाली!"

उस्तादांना कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, फोन उचलला. "मॅडम, स्ट्रोक पेशंट. फिट चालू आहे."

"आले. शुगर बघ. इंजेक्शन भर."

इंजेक्शन गेलं. झटके थांबले. काकूंच्या तोंडात पदराचा बोळा होता.

"स्ट्रोकने मेंदू दुखावला की काहींना अशी फिट येते," मॅडम म्हणाल्या. "औषधाने आवरते. पुन्हा हात हलला तर आधी तोंडाकडे बघा, तेही उडतंय का."

"म्हंजे हात हाललाच नाही म्हना," काकू हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी उस्ताद शुद्धीवर आले. गुलाबरावांनी सगळं सांगून टाकलं. उस्ताद भडकले. "इतकं बेताल मी कधी वाजवलं गा? तुले वाटलंच कसं?"

अख्खा वॉर्ड हसला.

उस्ताद आता नाहीत. शेवटची सलामी मी आणि गुलाबरावांनी दिली. पण त्यांची आठवण निघाली की मला आधी काकूंचा फोन ऐकू येतो, ते घरी गेल्यावर काही महिन्यांनी आलेला.

"भाऊ, हात हालला! मी पह्यले तोंडाकडे पाह्यलं."

"मग?"

"हासून राहिले होते."